सात नंबरचा रिकामा वेळ

३ मार्च, सोमवार. संध्याकाळ

पुन्हा तेच. आईला किती वेळा सांगितलं की मी ऑफिसबॉय नाही, तरी तिनं हिमायतनगरच्या अख्ख्या गल्लीत सांगून ठेवलं, आमचा आदर्श लातूरला एका हपिसात चहा देतो. आज फोनवर म्हणाली, चहाच द्यायचा तर इथं मामाच्या दुकानात ये, पंक्चर काढायला तरी शिकशील. मी म्हणालो, आई, मी मॅनेजमेंटमध्ये आहे. ती म्हणाली, मंग तिथं चहा कोण देतंय? म्हणालो, चहा मीच देतो, पण ते माझं मुख्य काम नाही. ती म्हणाली, बरं, जेवलास का? मी रागानं फोन ठेवला. थोड्या वेळानं परत लावला. तिनं उचलला नाही.

लातुरात येऊन सात महिने झाले. भांडणं आठ.

हे कुणाला तरी सांगायला पाहिजे होतं. कुणी नव्हतं म्हणून ही वही. ऑफिसचीच आहे. पुढच्या चार पानांवर कुणाचा तरी जीएसटी होता, ती फाडली.

संकल्प: पाचला उठणे. रोज दहा इंग्रजी शब्द पाठ. तंबाखू बंद. वर्षाच्या आत व्हिजिटिंग कार्ड. त्यावर ‘आदर्श वाठोरे, असोसिएट’. खाली मोबाईल नंबर. नववीत शाळा सुटली हे कार्डावर कुठंच लिहावं लागत नाही, हा कार्डाचा मोठा फायदा.

४ मार्च, मंगळवार

साडेसातला उठलो. पाचला अलार्म वाजला होता असं शेजारच्या खोलीतला पोरगा म्हणाला. त्याला जाग आली, म्हणजे अलार्म चांगला आहे.

५ मार्च, बुधवार

आज कंपनीचा इतिहास तयार झाला. नवी वेबसाईट निघणार आहे. पंचाक्षरी साहेब सांगत होते, मंजुश्री मॅडम टाईप करत होत्या, मी काच पुसत होतो. म्हणजे तिघंही कामात होतो. मॅडम पुण्याहून एमबीए करून आल्यात. हुशार आहेत, पण सुतळी कुठं ठेवलेली असते ते त्यांना अजून माहीत नाही.

साहेब म्हणाले, लिहा, १९८६ साली आमच्या काकांनी सल्लागार क्षेत्रात पाऊल ठेवलं. मॅडमनी विचारलं, काका काय करायचे सर? साहेब म्हणाले, आडत. मॅडम म्हणाल्या, मग सल्ला? साहेब म्हणाले, आमच्या लायनीत फोन फक्त काकांच्या दुकानात होता. लोक भाव विचारायला यायचे. काका सांगायचे, आज विकू नको, परवा विक. सल्लाच झाला की नाही? मॅडमनी टाईप केलं, ‘जवळपास चार दशकांचा अनुभव’.

मग २०११ला साहेब स्वतः एमबीए करून आले. काकांच्या गोदामात काचेचं पार्टिशन घातलं, एसी लावला, आणि जो सल्ला काका वरून चहा पाजून द्यायचे त्याला फी लागली. हे शेवटचं वाक्य इतिहासात नाही. ते मला गोदामातल्या जुन्या हमालानं सांगितलं.

पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात ठेवलंय: आकडे खोटं बोलत नाहीत. मला लई आवडलं.

सेवा मी पाठ करून टाकल्या. व्यवसाय पुनर्रचना, मनुष्यबळ नियोजन, खर्चकपात, घरातल्या भागीदारांचे वाद. पुनर्रचना म्हणजे काय ते मॅडमना विचारलं. म्हणाल्या, आहे तेच नीट लावणं. म्हणजे रोज सकाळी शटर उघडल्यावर मी जे करतो ते.

७ मार्च, शुक्रवार

वेबसाईटसाठी टीमचा फोटो. मी काढला, त्यामुळं मी त्यात नाही. पण मागच्या काचेत मोबाईल धरलेला एक जण दिसतो. फोटो मोठा करून पाहिला तर शर्टावरून कळतं.

इंग्रजी शब्द: राहिले. उद्या वीस.

९ मार्च, रविवार

सुट्टी. आमची सगळी बिल्डिंग क्लासच्या पोरांनी भरलेली. डॉक्टर व्हायला आलेत. सकाळपासून मोठ्यानं बेडकाचं हृदय पाठ करतात. मला काका म्हणतात. मी तेवीसचा. त्यांना सांगितलं की मी कन्सल्टंट आहे. एकानं विचारलं, काका, कशाचे? म्हणालो, सगळ्याचे. तो म्हणाला, मग नळाला पाणी कधी येईल?

दिवसभरात कुणाशी बोलणं झालं नाही. मेसवाल्यानं ‘वाढू का’ विचारलं, मी ‘हो’ म्हणालो. ते धरलं तर एक शब्द.

१० मार्च, सोमवार

प्रोजेक्ट मिळाला!

महादेवप्पा सेठची डाळ मिल आहे. तिथं बारा बायका बसून डाळ निवडतात, काळा दाणा, साल, खडा बाजूला काढतात. आता सेठ रंग ओळखून दाणे निवडणारी मशीन आणणार. मग बायका कशा लावायच्या, याचा अभ्यास आपल्या कंपनीकडं. मॅडम बसणार होत्या, पण तिथं धूळ उडते आणि मॅडमना दमा. साहेब म्हणाले, आदर्शला बसवा, त्याला काय अक्कल लागते, घड्याळच तर बघायचंय. एवढा विश्वास कुणी टाकतं का सात महिन्यांत?

पद्धत अशी. बारा बायकांना बारा नंबर. दर पाच मिनिटांनी मान वर करायची. जी काम करताना दिसली तिच्यापुढं ‘का’, जी दिसली नाही तिच्यापुढं ‘रि’, म्हणजे रिकामी. शेवटच्या रकान्यात शेरा, म्हणजे रिकामं असण्याचं काही वेगळं कारण दिसलं तर ते. जेवणाची सुट्टी एक ते दोन, ती धरायची नाही. असं बारा दिवस.

आईला फोन करून सांगितलं. म्हणाली, दिवसभर बायामाणसांकडं बघत बसायचं काम? मार खाशील एखाद्या दिवशी.

११ मार्च, मंगळवार

पहिला दिवस. पोत्यांच्या थप्पीवर बसलो, मांडीवर फॉर्म. बायका माझ्याकडं बघून राहिल्या. एक म्हणाली, आलं बघा जावई, उठा, पाय धुवायला पाणी द्या. दुसरी म्हणाली, कोणत्या खात्याचा म्हणावं हा? सात नंबर म्हणाली, बघू द्या गं. बघून डाळ निवडत असंल तर बरंच हाय की, आपण घरी जाऊ. सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. कन्सल्टंटनं हसायचं नसतं, असं मला वाटतं.

एकला साहेबांचा डबा आणायला निघालो. त्यांच्या घरून आणायचा, ऑफिसात वाढायचा, धुऊन परत द्यायचा. याला समन्वय म्हणतात. मिलमध्ये परतलो तर अडीच. मेस बंद झालेली. सात नंबरनं विचारलं, जेवलास का रे? म्हणालो, हो. ती म्हणाली, तोंडावरून तर दिसत न्हाई. उठली, नळावर हात धुतले, फडक्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्या हातावर ठेवला. म्हणाली, लाजू नको, खाय. कामून लाजतोस?

कामून! लातुरात सात महिन्यांत हा शब्द कुणाच्या तोंडून ऐकला नव्हता. विचारलं तर बाईचं माहेर किनवट रोडला, आमच्या हिमायतनगरच्या पुढं. नाव नागुबाई.

एवढ्यात निरीक्षणाची वेळ झाली. एका हातात भाकरी, दुसऱ्या हातानं सातपुढं ‘रि’ केलं. पाच मिनिटांनी ती पाणी देत होती. परत ‘रि’. शेरा: ‘निरीक्षकास भाकरी देत आहे.’ ओळखीची निघाली म्हणून सोडायचं नाही. इथंच माणूस कळतो.

१३ मार्च, गुरुवार

नागुबाई आता माझी भाकरी वेगळी बांधून आणते. आज शेंगदाण्याची चटणी होती. मी अडीचला येतो, ती तेव्हाच उठते. म्हणाली, तू मोठा साहेब हायस का? मी म्हणालो, असोसिएट. ती म्हणाली, म्हंजे परमनंट? मी म्हणालो, त्यातलाच प्रकार.

तिचा मुलगा हैदराबादला सेंट्रिंगच्या कामावर आहे. तीन महिने फोन नाही. मला म्हणाली, मव्ह्या हातानं लागत न्हाई, तू लावून बघ, तुव्हा हात शिकलेला हाय. लावला. बंद. परत लावला. बंद. ती म्हणाली, चार्जिंग संपली असंल. मी म्हणालो, हाव, तसंच असंल.

तीन ‘रि’. शेरा: ‘मुलास फोन लावून घेत आहे. लागला नाही.’

१४ मार्च, शुक्रवार. धुळवड

मिल बंद. बिल्डिंगमधली पोरं जिन्यात रंग खेळली. रंग लागला तर लागला म्हणून मी जुना शर्ट घालून दारात उभा राहिलो. एक पोरगा मूठ भरून आला, मला बघून थांबला. मागून दुसरा म्हणाला, काकांना नको रे. अकरापर्यंत उभा होतो.

शर्ट धुवायचा वाचला.

१७ मार्च, सोमवार

पहिल्या आठवड्याचे फॉर्म मॅडमनी तपासले. म्हणाल्या, अक्षर छान आहे. नंतर म्हणाल्या, ही सात नंबर बरीच रिकामी दिसते. मी म्हणालो, हो मॅडम, लई मोकळ्या मनाची बाई आहे. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा कॉम्प्युटरमध्ये. शेऱ्याचा रकाना त्यांनी कागद दुमडून मागं घातला होता. म्हणाल्या, हा एक्सेलमध्ये बसत नाही.

आज सहाला उठलो. तंबाखू फक्त दुपारी. सुधारणा आहे.

१९ मार्च, बुधवार

मॅडमना विचारलं, रिकाम्या निघतील त्यांचं पुढं काय करायचं असतं? त्या घाईत होत्या. म्हणाल्या, पुनर्नियोजन. वेबसाईटवर बघितलं. लिहिलंय, योग्य माणसाला योग्य जागा.

आता विचार केला. नागुबाईचा ढीग रोज संध्याकाळी बाकीच्यांइतकाच असतो. कधी जास्त. तरी तिला माझ्याशी बोलायला, भाकरी द्यायला वेळ उरतो. म्हणजे काय? म्हणजे तिचा हात सगळ्यांत चपळ. मशीन आली की मशीनजवळ एक खुर्ची लागणारच, बटणाकडं लक्ष ठेवायला. ती खुर्ची कुणाला देतील? ज्याच्याकडं फुरसत आहे त्याला. याला डोकं लागतं. मॅडमच्या लक्षात आलं असेलच.

दुपारी नागुबाईला सांगून टाकलं. तिचा हात सुपातच राहिला. म्हणाली, खरं सांगतोस? खुर्ची? मव्हे गुडघे लई दुखून राहिले रे, रात्री कूस बदलता येत न्हाई. मी म्हणालो, रिपोर्ट मीच लिहून राहिलो ना. ती बाजूच्या बाईला म्हणाली, ऐकलं का गं? बाजूची म्हणाली, तुझं काय, भाकरीचा वशिला हाय. आम्ही बी उद्यापासून पुरणपोळ्या आणतो.

हे सगळं दहा मिनिटं चाललं. दोन ‘रि’.

२१ मार्च, शुक्रवार

ताप होता तरी गेलो. नागुबाईनं हात लावून पाहिला, कपाळाला. तिच्या कमरेच्या पिशवीत सुंठ होती, ती गुळासोबत दिली. चार वेळा उठली. मी चारही वेळा लिहिलं. आजारी असताना सुद्धा फॉर्म सोडला नाही, हे साहेबांना कुणीतरी सांगायला हवं. मी कसं सांगणार.

आईला तापाचं सांगितलं नाही. ती म्हणेल, ये परत.

२५ मार्च, मंगळवार

बारा दिवस पूर्ण. खोलीवर पोरांचा गोंगाट नको म्हणून ऑफिसातच बसून बेरजा केल्या. बाकी बायका नऊ, दहा, बारा अशा. तिघी चौदा-पंधराच्या आसपास. सात नंबर, एकोणपन्नास.

बेरीज परत केली. तेवढीच आली.

एकदा वाटलं, शेरेवाले सगळे ‘रि’ खोडून टाकावेत. पेन उघडलं पण. मग म्हणालो, आकडे खोटं बोलत नाहीत हे पहिल्या पानावर आहे आणि मी पहिल्याच प्रोजेक्टात खाडाखोड करू? असोसिएट असं करतो का? शिवाय खुर्ची द्यायची तर आकडा मोठाच पाहिजे. एकोणपन्नास म्हणजे मेरिट.

फॉर्म मॅडमच्या टेबलावर ठेवले. वर पेपरवेट.

२९ मार्च, शनिवार

मिलमध्ये रिपोर्ट पोचवायला गेलो. बंद पाकीट होतं, सेठच्या हातात दिलं. नागुबाईनं शेंगदाण्याचे लाडू आणले होते, खुर्चीचे. सगळ्या बायकांना एक एक, मला डबाभर. म्हणाली, तुव्ह्या साहेबालाबी दे, त्याचीबी किरपा हाय. दोन मी तिथंच खाल्ले. साहेबांना एक दिला. त्यांनी खाल्ला, बरा आहे म्हणाले. कुणाचा ते विचारलं नाही.

कार्डाचं मी सुचवलं. साहेब म्हणाले, बघू. ‘नाही’ म्हणाले नाहीत.

१ एप्रिल, मंगळवार

बिल द्यायला मिलवर गेलो. बायका आठच. सातची जागा रिकामी, तिथं सूप उलटं ठेवलेलं. मला पाहून कुणी जावई म्हणालं नाही. मग ती बाजूची म्हणाली, दिली बाबा तुझ्या नागुबाईला खुर्ची. घरी बसायची. शनिवारी सांजच्याला मुकादमानं चार नावं वाचली, पहिलं तिचं.

मी म्हणालो, आज तारीख कोणती? एक एप्रिल. मला बनवून राहिल्यात. हसून निघालो. बाहेर येईपर्यंत हसत होतो.

२ एप्रिल, बुधवार

बनवत नव्हत्या.

साहेबांना चहा दिला आणि उभा राहिलो. म्हणाले, काय रे? म्हणालो, सर, सात नंबरमध्ये चूक झाली. म्हणाले, बेरजेची? म्हणालो, भाकरीची. साहेबांना हसू आलं. त्यांनी मला बसायला सांगितलं. पहिल्यांदा. म्हणाले, अरे आदर्श, चार कमी करायच्या हे सेठनं पहिल्याच दिवशी ठरवलेलं होतं. आपण फक्त कोणत्या चार ते काढून दिलं. पंधरा वर्षं काम केलेल्या बाईच्या तोंडाकडं बघून सेठला सांगता येत नाही म्हणून तर आपण असतो. हीच आपली सर्व्हिस. समजलं?

मी म्हणालो, समजलं सर. पण कोणत्या चार ते मी...

साहेब म्हणाले, चहात साखर कमी आहे.

साखर घेऊन परत गेलो तेव्हा पूर्ण सांगणारच होतो. त्यांचा फोन चालू होता.

३ एप्रिल, गुरुवार

उद्या मॅडमना सांगणार. शेरे दाखवून. पक्कं.

४ एप्रिल, शुक्रवार

मॅडम पुण्याला. सोमवारी येणार. चांगलं झालं, तयारीला वेळ मिळाला.

७ एप्रिल, सोमवार

मॅडमना दुमडलेला रकाना उलगडून दाखवला. त्यांनी वाचला. सगळा वाचला. ‘निरीक्षकास सुंठ देत आहे’ इथं बोट ठेवून थांबल्या. म्हणाल्या, हे तू आधी का नाही सांगितलंस? मी म्हणालो, लिहिलं होतं मॅडम. त्यांनी रकाना पुन्हा वरपासून वाचला. चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, हे शेरेवाले अडतीस काढले तर तिचे अकराच राहतात. मधल्यातच येते ती. मी म्हणालो, हो. त्या म्हणाल्या, रिपोर्ट गेला, बिल पास झालं, आता हे घेऊन सेठकडं कोण जाणार?

मी म्हणालो, तुम्ही. त्या म्हणाल्या, सर मला ठेवतील का?

मी फॉर्म गोळा केले. मग त्या म्हणाल्या, एकवीस तारखेपासून उदगीरच्या मिलचा अभ्यास आहे, तूच बस, तुझं काम बारीक आहे. आणि जेवून जात जा.

कार्डाचं विचारलं नाही. आज जागा नव्हती विचारायला.

१० एप्रिल, गुरुवार

ठरवलं, नागुबाईला खरं सांगायचं. तोंडावर. जयंतीच्या दिवशी. तिच्या वस्तीचा पत्ता मुकादमाकडून घेतला. वाक्य तयार केलं: मावशी, ते मी लिहिलं. चारच शब्द. इंग्रजीपेक्षा सोपे.

१४ एप्रिल, सोमवार. जयंती

गावी यायचं आईला कबूल केलं होतं. तिनं पांढरी साडी घेतली, धाकट्या बहिणीनं, रूपालीनं, मिरवणुकीत मला बरोबर घ्यायचं ठरवलेलं. काल फोन करून सांगितलं, क्लायंटचं अर्जंट काम आहे. आई म्हणाली, बाबासाहेबाच्या दिवशी कोणता क्लायंट? मग म्हणाली, बरं, जेवून घे.

नागुबाईची वस्ती रेल्वेच्या पलीकडं. निळे झेंडे, पताका, चौकात डीजे. रस्ताभर वाक्य म्हणत गेलो. ती चुलीपुढं होती. मला बघून उठताना दोन्ही हात गुडघ्यावर टेकले. म्हणाली, आला गं बाई मव्हा साहेब! शेजारच्या चार घरांतल्या बायकांना बोलावून दाखवलं. हा तो. हपिसातला. मव्ह्या माहेराकडचा.

पाटावर बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, खीर. म्हणाली, आता कांदा काढायला जाते रोजानं. दिवसभर वाकून. मिलमधी निवडायला बसायचं होतं ते बरं होतं. मग भात वाढता वाढता म्हणाली, तुव्ह्या हपिसातल्या मॅडमनं काढलं म्हणं मला. कुणीतरी लिहून दिलं, नागुबाई नुसती बसून राहते. पंधरा वर्सं झाली रे, कुणी असं म्हणलं न्हाई. तू तर तिथंच होतास. तू डोळ्यानं पाहिलंस मी किती निवडते ते. तू सांग ना त्यांना. तुव्हं ऐकतील.

मी म्हणालो, पाहिलं.

ती म्हणाली, मंग सांगशील?

मी म्हणालो, सांगतो.

वाक्य ओठावर होतं. डीजे लई मोठा होता, ओरडून सांगायची गोष्ट नव्हती ती. मध्येच डीजे बंद पडला. सगळीकडं एकदम शांत झालं. ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, मावशी, खीर छान झाली.

तिनं अजून वाढली. तीन वाट्या खाल्ल्या. निघताना म्हणाली, पोराचा फोन अजून लागला न्हाई, एकदा लावून बघ. लावला. बंद. ती म्हणाली, तिकडंबी जयंती असंल. डीजेत ऐकू येत नसंल.

१५ एप्रिल, मंगळवार

उद्या परत जाऊन सांगणार.

१६ एप्रिल, बुधवार

साहेबांचे पाहुणे. चहा अठरा वेळा. जमलं नाही.

१७ एप्रिल, गुरुवार. संध्याकाळ

पगार झाला. आधी वाटलं, सगळाच तिला पाठवून द्यावा. मग वाटलं, ती विचारेल, एवढे कशाचे? आणि त्याला उत्तर आहे, ते चार शब्द. थोडे पाठवले तर विचारणार नाही. म्हणेल, लेकरानं आठवण ठेवली.

थोडे म्हणजे किती हे आपल्या मनानं ठरवायचं नाही. पद्धत असते. फॉर्मच्या झेरॉक्स काढून बसलो. शेरेवाले ‘रि’ एक एक करून परत मोजले. मॅडमचा आकडा बरोबर आहे, अडतीस. एकाची पाच मिनिटं. एकशे नव्वद मिनिटं. तीन तास दहा मिनिटं ती माझ्यासाठी उठली. मिलमध्ये रोज तीनशे, आठ तासांचे. भागाकार तीन वेळा केला, तिन्ही वेळा तोच आला. एकशे अठरा रुपये पंच्याहत्तर पैसे.

आईचा फोन आला. जेवलास का म्हणाली. हो म्हणालो. आवाज असा कामून येतोय म्हणाली. रेंज नाही म्हणालो.

नागुबाईच्या शेजारणीचा मोबाईल चालतो, त्यावर पाठवायचे. पाठवताना खाली एक जागा येते, कशासाठी ते लिहायची. बराच वेळ बघत बसलो. काही टाकलं नाही. चार आणे माझ्याकडून वर घातले.

एकशे एकोणीस रुपये.